तहान लागण्याआधी खणलेली विहीर: फिनलंडची सक्तीची लष्करी सेवा

युरोपात एक जुनी गोष्ट हळूहळू परत येते आहे. लिथुएनियाने २००८ मध्ये गुंडाळलेली सक्तीची लष्करी सेवा २०१५ मध्ये पुन्हा सुरू केली. स्वीडनने २०१० मध्ये ती थांबवली आणि सात वर्षांनी परत आणायचं ठरवलं. लॅटव्हियाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. डेन्मार्कने १ जुलै २०२५ पासून नव्याने अठरा पूर्ण करणाऱ्या मुलींनाही भरतीच्या सोडतीत घेतलं. यातली कोणतीही बातमी वाचली की मनात एकच प्रश्न येतो: ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या जमान्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांकडून कवायत करून घेऊन मिळतं काय?

हे सगळे देश फिरून जिथे चालले आहेत, तिथून फिनलंड कधी हललाच नव्हता. त्यामुळे ही व्यवस्था समजून घ्यायला तोच बरा. लोकसंख्या सुमारे ५६ लाख. शेजारी रशिया. दोघांमधली सीमा सुमारे १,३४० किलोमीटर लांब, बहुतेक जंगलातून जाणारी.

बराकीतला मुलगा अजून सैन्यात नाही

सक्तीची सेवा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते असं: मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला उचलायचं, हातात बंदूक द्यायची आणि सीमेवर उभं करायचं. फिनलंडमध्ये असं होत नाही. बराकीत राहणारा मुलगा तिथे विद्यार्थी असतो. त्याला सहा महिने किंवा वर्षभर शिकवतात आणि घरी पाठवतात. तो घरी गेला, कॉलेजात किंवा नोकरीत रमला, की मग त्याची गणना सैन्यात सुरू होते.

याला राखीव सैनिक म्हणतात: प्रशिक्षण घेतलेला, एरवी आपापल्या कामधंद्यात असलेला आणि गरज पडली तर बोलावता येणारा नागरिक. या लेखातला हा एकच पारिभाषिक शब्द लक्षात ठेवा. सक्तीची सेवा हा राखीव सैनिक तयार करण्याचा कारखाना आहे. कारखान्यात किती माल पडून आहे हे बघून त्याची किंमत करायची नसते, बाहेर किती गेला ते बघायचं असतं. या विषयावरचे निम्मे वाद हा फरक न कळल्यामुळे होतात.

आकडे काय सांगतात

फिनलंडच्या संरक्षण दलांत कायम नोकरीवर असलेली माणसं जेमतेम १२-१३ हजार. त्यात कार्यालयांत काम करणारे नागरी कर्मचारीही आले. युद्ध झालं तर मात्र २ लाख ८० हजारांचं सैन्य उभं करायची तयारी आहे आणि त्यामागे सुमारे ९ लाखांचा राखीव साठा.

२ लाख ८० हजार म्हणजे देशातला दर विसावा माणूस, त्यात तान्ही बाळं आणि नव्वदीतले आजीआजोबाही मोजले. एवढ्या लोकांना कायमचा पगार देऊन गणवेशात बसवून ठेवायचं तर शाळेत शिकवणार कोण आणि दवाखाने चालवणार कोण? मोठा देश पगारी फौज पोसू शकतो, कारण त्याच्याकडे माणसं भरपूर असतात. लहान देशाला तीच माणसं दोन्ही कामांना पुरवावी लागतात.

यावर फिनलंडने काढलेला उपाय दही लावण्यासारखा आहे. दूध घरोघरी आहे. एका रात्रीत दही हवं असेल तर दोन गोष्टी आधीपासून तयार लागतात: चमचाभर विरजण आणि तापवून ठेवलेलं दूध. विरजण म्हणजे ते १२-१३ हजार पगारी लोक. दूध तापवणं म्हणजे सक्तीची सेवा. दर वर्षी वीस हजारांहून अधिक तरुण त्यातून जातात आणि पुढची काही दशकं यादीत राहतात. कच्च्या दुधाला ऐनवेळी विरजण लावून दही होत नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. देशांच्या सरकारांना मात्र ते अधूनमधून सांगावं लागतं.

१९३९ चा हिवाळा

फिनिश लोकांना हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. १९३९ च्या शरद ऋतूत सोव्हिएत संघाने आपल्या शेजाऱ्यांना एकेक करून मॉस्कोला बोलावलं. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया या तिघांनी आपल्या भूमीवर सोव्हिएत तळ मान्य केले. १९४० च्या उन्हाळ्यात हे तिन्ही देश नकाशावरून गेले.

फिनलंडकडेही जमीन मागितली होती. फिनलंड बोलणी करत राहिला, पण मधल्या काळात त्याने एक हुशारी केली. ऑक्टोबरमध्येच त्याने राखीव सैनिकांना बोलावून घेतलं. 'युद्धाची तयारी' असं नाव दिलं असतं तर तीच चिथावणी ठरली असती, म्हणून कागदोपत्री नाव होतं 'जादा उजळणी सराव'. ३० नोव्हेंबरला हल्ला झाला तेव्हा हे उजळणीवाले आपापल्या जागी जवळजवळ दीड महिना बसलेले होते, जंगल ओळखीचं झालं होतं, खंदक खणून तयार होते.

तेव्हा फिनलंडची लोकसंख्या ३७ लाखांच्या आसपास, सोव्हिएत संघाची सुमारे १७ कोटी. लढाई १०५ दिवस चालली. शेवट गोड झाला नाही. मार्च १९४० च्या तहात देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला, त्यात व्हिपुरी हे मोठं शहर होतं. चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून उरलेल्या देशात यावं लागलं. सुमारे २५ हजार फिनिश सैनिक मेले. पलीकडचे मेलेले आणि बेपत्ता रशियाच्याच हिशोबाने सव्वा लाखाहून अधिक. देश मात्र उरला. राजधानीत परकी फौज आली नाही.

या लढाईची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. १९३० च्या दशकात फिनलंडने भरतीची पद्धत प्रदेशवार केली होती. एका गावचे, एका पंचक्रोशीतले लोक एकाच तुकडीत. शेजारी शेजाऱ्याला सोडून पळत नाही, हा त्यामागचा हिशोब, आणि तो खरा ठरला. पण एखाद्या दिवशी ती तुकडी सापडली की गावातली कितीतरी घरं एका दमात उजाड व्हायची. मृतदेह शक्यतो गावी पोचवण्याची फिनिश सैन्याची रीत होती. आजही तिकडच्या बहुतेक चर्चच्या आवारात एकसारख्या दगडांच्या रांगा दिसतात. आडनावं तीच तीच असतात. राखीव सैन्याचं कौतुक करताना त्याची ही किंमत सांगितली नाही तर हिशोब अर्धा राहतो.

मग आत नेमकं काय चालतं?

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नवी तुकडी दाखल होते. कालावधी तीन प्रकारचे: १६५, २५५ किंवा ३४७ दिवस. साध्या शिपायाला १६५. काही खास कौशल्याच्या कामांना त्याहून जास्त. तुकडीचं नेतृत्व करायला निवडलेल्यांना ३४७.

हा ३४७ चा आकडा उगाच आलेला नाही. ज्याला तुकडीप्रमुख व्हायचं आहे तो पहिलं अर्ध वर्ष शिकतो. तोवर पुढची नवी तुकडी दारात येते. उरलेल्या अर्ध्या वर्षात तो त्यांना शिकवतो. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलांना तंबू कसा ठोकायचा, बर्फात पाय कोरडे कसे ठेवायचे हे दाखवणारा माणूस स्वतः वीस वर्षांचा असतो. बाहेरच्याला हे पोरखेळ वाटेल. पण युद्धात त्या तुकडीचा प्रमुख राखीव सैनिकच असणार आहे, पगारी अधिकारी प्रत्येक तुकडीला पुरणारच नाहीत. मग ती सवय शांततेतच का लावू नये? शिकवल्याशिवाय शिकणं पुरं होत नाही, हे तर कोणताही मास्तर सांगेल.

मुलं हे सगळं देशप्रेमाने भारावून करतात असं समजू नका. पहिल्या दिवसापासून दिवस मोजणं चालू असतं. 'आज उरले' या अर्थाच्या दोन फिनिश शब्दांची आद्याक्षरं घेऊन त्यांनी उरलेल्या दिवसांच्या आकड्याला नावच दिलं आहे. कोणी कोणाला भेटलं की विचारायचं, तुझा आकडा किती? १२० सांगणाऱ्याकडे १२ वाला दयेने बघतो. सुटीच्या वेळी सैनिकांच्या कँटीनमध्ये कॉफी आणि साखरेत घोळवलेला 'मुंक्की' नावाचा वडा, डोनटच्या जातीचा. ज्या आजोबांना सेवा संपवून पन्नास वर्षं झाली तेही त्या मुंक्कीची आठवण काढतात, कवायतीची नाही.

फक्त बंदुकीने देश राखला जात नाही

लहान देशाला आघाडी आणि पिछाडी वेगळी ठेवता येत नाही, सगळाच देश आघाडीवर असतो. म्हणून फिनलंड ज्याला सर्वंकष संरक्षण म्हणतो त्यात सैन्य हा एक भाग आहे. धान्य, इंधन, औषधं यांचे साठे ठेवणारी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. १९६१ पासून राष्ट्रीय संरक्षण अभ्यासक्रम चालतो. त्याला खासदार, मोठ्या कंपन्यांचे प्रमुख, संपादक, धर्मगुरू अशा लोकांना निमंत्रण देऊन काही आठवडे एकत्र बसवतात. वीज गेली, बंदरं बंद पडली, तर कोण काय करेल यावर त्यांची चर्चा होते. कोणी कोणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं असतं, हा त्याचा खरा फायदा.

शिवाय बॉम्बहल्ल्यात आसरा घ्यायला देशभर सुमारे ५० हजार आश्रयस्थळं आहेत, ४८ लाख लोकांना पुरतील एवढी. १,२०० चौरस मीटरपेक्षा मोठी निवासी इमारत बांधायची तर तळात आश्रयस्थळ बांधणं कायद्याने बंधनकारक. ती एरवी कुलूप लावून ठेवत नाहीत. हेलसिंकीत अशा जागांत व्यायामशाळा आहेत, मुलांची खेळघरं आहेत, जमिनीखाली पोहण्याचा तलावसुद्धा आहे. गरज पडली तर ७२ तासांत ते रिकामं करून माणसांसाठी तयार करायचं, असा नियम. रोज वापरातली जागा गंजत नाही, हे शहाणपण मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वात जास्त आवडलं.

पण ही सक्ती आहे, तिचं काय?

हा आक्षेप खराच आहे आणि तो झटकून टाकू नये. एका माणसाच्या आयुष्यातलं वर्ष सरकार मागतं आहे. युरोपच्या मानवी हक्क कराराने वेठबिगारीवर बंदी घातली आहे, पण लष्करी सेवेला त्यातून वगळलं आहे. म्हणजे कायद्याने प्रश्न सोडवलेला नाही, बाजूला ठेवला आहे.

ज्याला हातात शस्त्र धरायचं नाही त्याला नागरी सेवेचा पर्याय आहे: रुग्णालयात, वाचनालयात, पाळणाघरात. मात्र ती ३४७ दिवसांची. साध्या शिपायाच्या दुपटीहून जास्त. हा पर्याय आहे की शिक्षा, असा वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि मला टीकाकारांचं म्हणणं पटतं. जो दोन्ही नाकारतो त्याला शिक्षा होते. हल्ली ती बहुधा तुरुंगात न जाता, अंगावर इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून भोगता येते, पण शिक्षा ती शिक्षाच. आधी यहोवाचे साक्षीदार या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाला यातून सूट होती. 'त्यांना धर्मामुळे सूट, मग मला माझ्या विचारांमुळे का नाही?' असा मुद्दा न्यायालयात टिकला. त्यावर सरकारने बाकीच्यांना सूट दिली नाही, २०१९ मध्ये त्या पंथाची काढून घेतली.

फक्त मुलगेच का?

फिनलंडमध्ये सक्ती पुरुषांवर आहे. स्त्रियांना १९९५ पासून स्वेच्छेने जाता येतं. नॉर्वेने २०१५ मध्ये कायदा बदलून मुलींनाही सक्ती लावली, स्वीडनने सेवा परत आणली तीच दोघांसाठी. यात एक मेख आहे. नॉर्वे आणि स्वीडन पात्र असलेल्यांपैकी थोड्यांनाच निवडतात, म्हणून यादी दुप्पट केली तर निवडायला सोपं जातं. फिनलंड जवळपास सगळ्यांना घेतो, तरी प्रत्यक्षात सेवा पूर्ण करणारे मुलगे साधारण दोन तृतीयांशच. तिथे मुलींनाही सक्ती केली तर बराकी, शिक्षक, बूट सगळंच दुप्पट लागेल. सोयीचं कारण आहे हे, न्यायाचं नव्हे. समानतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

ही फुकटची फौज आहे का?

दिसायला स्वस्त. मुलांना दिवसाला किरकोळ भत्ता, बाकी खाणं-राहणं-कपडे सरकारचे. अर्थशास्त्राचे लोक इथे हटकतात. तो मुलगा त्या वर्षात कमावू शकला असता, एक वर्ष आधी शिकून बाहेर पडला असता. हे नुकसान सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, त्या मुलाच्या खिशात दिसतं. म्हणजे हा कर आहे, फक्त तो पैशात न घेता दिवसांत घेतला जातो, आणि एकाच वयाच्या लोकांकडून. स्वित्झर्लंडने हे उघड मान्य केलंय. तिथे जो सेवा करत नाही त्याला करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के वेगळा कर द्यावा लागतो. तरी तिथल्या मतदारांना २०१३ मध्ये सक्ती रद्द करायची का असं विचारलं, तेव्हा ७३ टक्क्यांनी नको म्हटलं.

आता तर नाटो आहे

फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला नाटोचा सदस्य झाला. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, असं त्या कराराचं पाचवं कलम म्हणतं. मग घरच्या तयारीची गरज काय? त्याच करारात तिसरं कलमही आहे, ते कोणी सहसा वाचत नाही. प्रत्येकाने स्वतःची लढण्याची ताकद राखायची, असं ते सांगतं. आग लागल्यावर बंब येणार आहे, कबूल. पण बंब येईपर्यंत पाण्याची बादली कोणी धरायची? एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या तेव्हा काही तासांत सगळं संपलं होतं. मदतीला यायचं कोणाच्या मनात असतं तरी वेळच उरला नव्हता.

आणि ड्रोन?

फिनलंडने ६४ एफ-३५ लढाऊ विमानं मागवली आहेत. ती राखीव सैनिक चालवणार नाहीत, पगारी वैमानिकच चालवतील. यंत्रांचं काम यंत्रं करतात. पण युक्रेनमध्ये २०२२ नंतर जे दिसलं त्यात यंत्रं आली म्हणून माणसं कमी लागली असं झालं नाही. जमीन धरून ठेवायला, तोफा ओढायला, जखमींना मागे आणायला, तुटलेली तार जोडायला माणूसच लागला. शिवाय राखीव सैनिक एरवी ट्रकचालक असतो, परिचारक असतो, संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा असतो. हे कसब सैन्याला फुकट मिळतं. स्वतः शिकवायचं म्हटलं तर कित्येक वर्षं गेली असती.

सैन्यच नसलेले देशही आहेत ना?

आहेत. कोस्टारिकाने १९४८ मध्ये सैन्य मोडीत काढलं आणि त्याचं काही बिघडलं नाही. आइसलँडचं सैन्य नाही, पण तो नाटोचा संस्थापक सदस्य आहे आणि चहूबाजूंनी समुद्र आहे. भूगोल ज्याच्या त्याच्या वाट्याचा. सिंगापूरला १९६५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि १९६७ मध्ये सक्तीची सेवा आली, कारण मागे हटायला जमीनच नाही. तिथल्या मुलांना आजही दोन वर्षं द्यावी लागतात. खुद्द फिनलंडमधल्या ओलांड बेटांवर आंतरराष्ट्रीय करारांनी सैन्य ठेवायला बंदी आहे आणि तिथले रहिवासी सेवेतून मुक्त आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. शेजारी कोण आहे यावर बरंच अवलंबून.

सक्तीने आणलेले शिपाई मनापासून लढत नाहीत, असंही म्हणतात. कुठे कुठे ते खरं आहे. जिथे वरचा खालच्याला मारतो आणि सरकार सर्वांनाच फसवतं, तिथे शिपाई पहिल्या संधीला पळतो. फिनलंडमध्ये २०२२ च्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, की हल्ला झाला तर निकाल काहीही लागो, शस्त्राने प्रतिकार करावा. हे सक्तीतून आलं की सक्ती यामुळे टिकली, हे सांगणं अवघड. बहुधा दोन्ही. सक्तीची सेवा ही तहान लागण्याआधी खणलेली विहीर आहे. ती बुजवली की परत खणायला किती घाम गाळावा लागतो ते स्वीडनला विचारावं. तिथे छावण्या बंद झाल्या होत्या, शिकवणारे पांगले होते, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बराकीतला तो मोजणीचा आकडा एक दिवस शून्यावर येतो. मुलगा गणवेश जमा करतो, सेवेच्या नोंदींची छोटी पुस्तिका खिशात टाकतो आणि गावच्या गाडीत बसतो. २०१५ च्या मे महिन्यात अशा सुमारे ९ लाख जणांच्या घरी सैन्याकडून एक पत्र आलं. बाहेरच्या वर्तमानपत्रांना वाटलं युद्ध जवळ आलं. पत्र अगदी कोरडं होतं: आमच्याकडे तुमचं नाव, हुद्दा आणि पत्ता असा नोंदलेला आहे, संकट आलं तर तुमचं काम अमुक. बरोबर आहे का ते एकदा बघून घ्या.